सहा विरुद्ध सात

६ ऑक्टोबर १९८१ या दिवशी एका कैद्याला फासावर चढविण्यात आले. उत्तर प्रदेशातील एका कुटुंबातील चौघांच्या खुनाबद्दल तिघांना देहदंड झाला होता. गुन्हा एक, पुरावा एक आणि तिघांचा वाटाही सारखाच. परंतु तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायमूर्तींपुढे गेले. पहिल्याचा अर्ज १९७६ साली एका पीठाने फेटाळला. दुसऱ्याचा अर्ज १९७७ साली दुसऱ्या पीठापुढे आला आणि त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. तिसऱ्याचाही अर्ज फेटाळला गेला; पण साथीदाराला मिळालेली सवलत त्याने ऐन वेळी न्यायालयाच्या नजरेस आणून दिली, म्हणून त्याची फाशी थांबली. पहिल्याला ते जमले नाही, म्हणून तो मेला. १९८२ साली न्यायालयाने या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि तिसऱ्याची शिक्षा कमी करावी अशी शिफारस राष्ट्रपतींना केली. पहिल्याच्या बाबतीत शिफारस करण्यासारखे काही उरले नव्हते.

कायदा तोच, राज्यघटना तीच, न्यायालयाची इमारतही तीच. बदलली होती ती फक्त खुर्च्यांवर बसलेली माणसे. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाविषयी जो भाबडा भक्तिभाव मध्यमवर्गात नांदतो, त्याला या एका हकीगतीने तडा जायला हवा. न्यायाधीश हे कायद्याचे केवळ मुख आहेत, ते बोलतात तो कायदाच बोलतो, त्यांच्या स्वभावाचा, पूर्वायुष्याचा, मैत्रीचा आणि वैराचा निकालाशी काही संबंध नसतो, ही शिकवण ज्यांना सोयीची आहे त्यांनीच ती रुजवली आहे. सर्वोच्च न्यायालयात निकाल मते मोजून लागतो. तिथेही गट असतात, तिथेही पारडे झुकविणारा एखादा माणूस असतो आणि कोणत्या प्रकरणात कोणाला मतदानाचा अधिकार मिळावा हे ठरविणारा एक अधिकारीही असतो. हे सत्य कामगारांना, भाडेकरूंना आणि भूमिहीनांना ठाऊक असलेच पाहिजे, कारण या मतमोजणीवर त्यांचे घर आणि त्यांची भाकरी अवलंबून असते.

आकडेच पाहावेत. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असा निर्णय झाला, तो सहा विरुद्ध पाच मतांनी. बहुमताचे अग्रणी सरन्यायाधीश सुब्बा राव काही आठवड्यांतच पदाचा राजीनामा देऊन विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७० च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तो कायदा दहा विरुद्ध एक मतांनी मोडीत काढला. तो एक म्हणजे न्या. अजितनाथ रे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचा आदेश नऊ विरुद्ध दोन मतांनी बाद झाला. त्या दोघांतही न्या. रे होतेच. आणि मग आले केशवानंद भारती प्रकरण. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवसांची सुनावणी, अकरा वेगवेगळी निकालपत्रे आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशी विभागणी. राज्यघटनेत दुरुस्ती करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हे तत्त्व एका मताने जन्मास आले.

ते एक मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते. सहा जणांना संसदेच्या अधिकाराला हक्कांची व्यापक मर्यादा हवी होती, सहा जणांना मर्यादाच नको होती. खन्ना यांनी मर्यादा मान्य केली, परंतु मालमत्तेचा हक्क त्या मूलभूत चौकटीत बसत नाही असेही बजावले. ज्यांनी त्या निकालाचा जमीनदारांचा विजय म्हणून डांगोरा पिटला आणि ज्यांनी जमीनदारांचा विजय म्हणून तो धिक्कारला, त्या दोघांनीही हे मधले वाक्य वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत.

हा निकाल तयार कसा झाला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. सरन्यायाधीश सिक्री यांची निवृत्ती दारात येऊन ठेपली होती. एक न्यायमूर्ती मधल्या काळात आजारी पडले होते. तेरा जणांनी एकत्र बसून मोकळेपणाने विचारविनिमय करावा इतकी सवड उरलीच नाही. पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात हे आडपडदा न ठेवता नोंदविले: कोणातरी सहकाऱ्याच्या मताशी सहमत होऊन थांबावे अशी त्यांची इच्छा होती, पण परिस्थितीने ती पुरी होऊ दिली नाही. अखेरीस निष्कर्षांचा एक गोषवारा तयार करण्यात आला. त्यावर नऊ जणांनी सह्या केल्या, चौघांनी केल्या नाहीत. पन्नास कोटींहून अधिक लोकांच्या राज्यघटनेचे भवितव्य ठरविणारी सभा एखाद्या पतपेढीच्या वार्षिक सभेइतक्याही रीतसर पद्धतीने पार पडली नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या मतमोजणीचा सूड घेण्यात आला. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या बहुमतातील तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. रे यांना सरन्यायाधीश नेमल्याची घोषणा झाली. तिघांनीही राजीनामे दिले. लोकसभेत मोहन कुमारमंगलम यांनी या नेमणुकीचे समर्थन केले. न्यायाधीशाचा सामाजिक दृष्टिकोन पाहूनच सरन्यायाधीश निवडण्याचा सरकारला अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. डाव्या म्हणवणाऱ्या काही गोटांत या युक्तिवादाचे स्वागत झाले. बँकांच्या आणि संस्थानिकांच्या बाजूने कौल देणाऱ्यांची खोड मोडली, आता बांधिलकी मानणारे न्यायालय आले, अशी ती समजूत होती.

ती समजूत किती महागात पडली याचा हिशेब मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात पडले, मधु लिमये मध्य प्रदेशात. मृणाल गोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्याही गजांआड गेल्या. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की, स्थानबद्धतेचा आदेश बेकायदा असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येईल. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. अधिकाऱ्याने एखाद्याचा प्राण बेकायदेशीरपणे घेतला तरी दाद मागता येणार नाही काय, असे न्या. खन्ना यांनी विचारले, तेव्हा नाही, येणार नाही, अशीच कबुली महान्यायवादींना द्यावी लागली. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी निर्णय लागला: आणीबाणी असेतो बंदीप्रत्यक्षीकरणाचा दरवाजा बंद. ते चौघे म्हणजे रे, बेग, चंद्रचूड आणि भगवती. न्या. बेग यांनी तर स्थानबद्धांची देखभाल जवळजवळ मातेच्या ममतेने होत असल्याचेही लिहून ठेवले. एकटे खन्ना विरोधात राहिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना राजीनामा देऊन घरी गेले.

बँकांच्या खटल्यात जो माणूस गरिबांच्या बाजूचा वाटला, त्याच्याच अध्यक्षतेखाली गरिबांचे कार्यकर्ते निराधार झाले. न्या. रे यांचे सूत्र गरिबांच्या बाजूचे नव्हतेच. ते सरकारच्या बाजूचे होते. सरकार जेव्हा बँका घेत होते तेव्हा ते पुरोगामी दिसले, आणि सरकार जेव्हा माणसे घेऊन जाऊ लागले तेव्हा त्यांचे खरे रूप उघड झाले. आपल्या विचाराचा न्यायाधीश आणि आपल्या कह्यातला न्यायाधीश यांतील फरक ज्या चळवळीला कळत नाही, तिच्यावर कुंपणाने शेत खाल्ल्याचे पाहण्याची वेळ येते.

याच्या उलट टोकाला आणखी एक सोपे उत्तर तयार असते. न्यायाधीश म्हणजे धनिक वर्गाचे नोकर, त्यांच्यात डावे-उजवे शोधणे व्यर्थ, व्यक्ती गौण आणि वर्गहित प्रमुख, असे सांगणारे पोथीनिष्ठ काही कमी नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. या न्यायालयात पहिला दलित न्यायमूर्ती बसण्यास १९८० साल उजाडावे लागले आणि पहिल्या स्त्री न्यायमूर्ती फातिमा बीबी १९८९ साली आल्या. कोणत्या घरांतील मुले तिथे पोचतात हे त्यावरून कळते. परंतु वर्गाच्या सूत्राने सारे उलगडत नाही. केशवानंद प्रकरणात न्या. मॅथ्यू आणि न्या. चंद्रचूड हे अल्पमतात होते. १९७५ च्या नोव्हेंबरात राजनारायण यांच्या निवडणूक खटल्यात इंदिरा गांधींची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारे घटनादुरुस्तीचे कलम मोडीत काढताना त्याच दोघांनी मूलभूत चौकटीचा आधार घेतला. त्यांचा वर्ग अडीच वर्षांत बदलला नव्हता. सत्तेचे उघडे-नागडे रूप समोर आल्यावर त्यांना आपलेच जुने मत अपुरे वाटले. तेच चंद्रचूड सहा महिन्यांनी स्थानबद्धांच्या प्रकरणात मात्र डगमगले. माणसे अशी असतात. म्हणूनच ती कोण आहेत, त्यांना कोण निवडतो आणि कोणते प्रकरण त्यांच्यापुढे कोण ठेवतो, हे प्रश्न गौण ठरत नाहीत.

आणीबाणीनंतरचा काळ या दृष्टीने अधिकच बोलका आहे. चंद्रचूड १९७८ पासून १९८५ पर्यंत, सात वर्षांहून अधिक काळ, सरन्यायाधीश होते. भगवती त्यांच्या पाठोपाठ रांगेत होते. दोघेही विद्वान, दोघेही १९७६ च्या बहुमतातले, आणि दोघांतील दुरावा निकालपत्रांतून उमटणारा. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स प्रकरणात चार विरुद्ध एक अशी फूट पडली, तेव्हा भिन्नमत देणाऱ्या भगवतींनी न्यायमूर्ती एकत्र बसले नाहीत, विचारांची देवाणघेवाण झाली नाही, अशी जाहीर तक्रार निकालपत्रातच केली. सात वर्षांपूर्वीची चंद्रचूडांची तक्रार आता चंद्रचूडांच्याच कारकिर्दीत त्यांच्या सहकाऱ्याने केली! त्याच वर्षी निवडणूक जिंकलेल्या इंदिरा गांधींना भगवतींनी पाठविलेले अभिनंदनाचे पत्र उघडकीस आले आणि न्या. तुळजापूरकरांनी अशा पत्रांबद्दल जाहीर नापसंती दर्शविली. १९८१ साली न्यायाधीशांच्या बदल्यांचे प्रकरण आले, तेव्हा भगवतींच्या अध्यक्षतेखालील सात जणांच्या पीठापुढे खुद्द सरन्यायाधीशांना आपल्या वर्तनाचा खुलासा करणारे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. पुढे १९८२ च्या डिसेंबरात बिहारच्या मुख्यमंत्र्यांवरील सहकारी बँकेचा खटला मागे घेण्यास दोन विरुद्ध एक मतांनी मान्यता मिळाली. भिन्नमत तुळजापूरकरांचे होते. बहुमतातले न्या. बहारुल इस्लाम यांनी लगेच जानेवारीत राजीनामा दिला. काँग्रेसच्या उमेदवारीवर लोकसभेची निवडणूक लढविण्यासाठी!

असे असूनही त्या काळात कष्टकऱ्यांच्या पदरात काही पडले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री राहिलेले न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली 'उद्योग' या शब्दाची व्याख्या विस्तारली आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था, पाणीपुरवठा अशा ठिकाणच्या लक्षावधी कामगारांना औद्योगिक कायद्याचे दार उघडले. सात जणांच्या पीठात विरोधात दोघे होते. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी सांगितले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे. तत्त्व सोन्यासारखे होते. पण त्याच निकालाने झोपड्या पाडण्यास पावसाळ्यानंतर परवानगीही दिली. हक्क पुस्तकात राहिला आणि बुलडोझर फुटपाथवर आला.

अशा विजयांचे आयुष्यही पीठांच्या रचनेवर अवलंबून असते. कंत्राटी पद्धत बेकायदा ठरली तर त्या कामगारांना मूळ मालकाने आपोआप सामावून घ्यावे, असे १९९६ साली तीन न्यायमूर्तींनी सांगितले. २००१ साली पाच न्यायमूर्तींनी ते उलटविले. मधल्या पाच वर्षांत कंत्राटदार सज्जन झाले नव्हते आणि कामगारांची भूकही कमी झाली नव्हती.

सर्वांत ताजा धडा मुंबईचाच आहे. गिरगाव-परळपासून पसरलेल्या जुन्या, उपकरप्राप्त, मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९८६ साली म्हाडाच्या कायद्यात एक प्रकरण घालण्यात आले: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी संपादन करता यावी. मालकांच्या संघटनेने न्यायालय गाठले. राज्यघटनेच्या ३९व्या कलमातील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या शब्दांत खाजगी मालमत्ता येते की नाही, हा प्रश्न उभा राहिला. कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली ती येते असे म्हटले होते. सात जणांच्या पीठात ते मत तिघांचे होते, आणि उरलेल्या चौघांनी त्यापासून स्वतःला अलग ठेवले होते. १९८२ साली कोळसा खाणींच्या प्रकरणात पाच जणांच्या पीठाने मात्र त्याच अल्पमताला आपलेसे केले. मुंबईचे प्रकरण २००२ साली नऊ जणांच्या पीठाकडे सोपविण्यात आले आणि त्यानंतर बावीस वर्षे पडून राहिले. एवढ्या काळात किती इमारती कोसळल्या, याची चिंता कोणत्या पीठाने वाहायची?

अखेर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असताना, निकाल लागला. काही खाजगी मालमत्ता त्या शब्दांत येऊ शकेल, पण सरसकट सर्व मालमत्ता येत नाही, असे सात जणांच्या वतीने त्यांनी लिहिले आणि कृष्ण अय्यर यांच्या विचारसरणीवर टीकेचे ताशेरेही ओढले. न्या. नागरत्ना यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहून अशा ताशेऱ्यांबद्दल हरकत नोंदविली; न्या. धुलिया यांनी पूर्ण भिन्नमत दिले. एकेकाळी ज्याच्या नावाने कामगारसभांत टाळ्या पडत, त्या न्यायमूर्तीचे तत्त्व असे मताधिक्याने मागे सारले गेले. ज्यांनी त्या एका नावावर आपली सारी आशा गहाण टाकली होती, त्यांना हा धक्का वाटला. वास्तविक तीन मतांवर उभारलेली इमारत सात मतांनी हलणारच होती.

कोणी म्हणेल, मतभेद हे तर लोकशाहीचे लक्षण. न्यायमूर्तींनी एकमुखाने बोलावे असा आग्रह धरायचा काय? मुळीच नाही. १९७६ साली न्यायालयाची अब्रू राखली ती एका भिन्नमतानेच. आक्षेप मतभेदाला नाही. मत देणारे कोण असावेत हे बंद दाराआड ठरते, याला आक्षेप आहे. १९५० साली या न्यायालयाची मंजूर न्यायमूर्तिसंख्या आठ होती. २०१९ साली मंजूर संख्या चौतीस झाली. चौतीस जण दोन-दोन, तीन-तीन करून बसणार असतील, तर कोणते प्रकरण कोणत्या जोडीकडे द्यावे हे ठरविणारा हात निकालाच्या निम्म्या वाटेपर्यंत आधीच पोचलेला असतो. हा हात एकट्या सरन्यायाधीशांचा आहे. त्याची ताकद १९७५ साली दिसली होती: केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी न्या. रे यांनी तेरा जणांना बोलाविले आणि दोन दिवसांत त्यांना परत पाठविले. १२ जानेवारी २०१८ रोजी चेलमेश्वर, गोगोई, लोकूर आणि कुरियन जोसेफ या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन खटल्यांच्या वाटपाबद्दल जाहीर तक्रार केली. त्याच वर्षीच्या जुलैत न्यायालयाने पुन्हा निक्षून सांगितले की, वाटपाचा अधिकार सरन्यायाधीशांचाच. त्या चौघांपैकी गोगोई पुढे स्वतः सरन्यायाधीश झाले, पद्धत तशीच राहिली, आणि निवृत्तीनंतर चार महिन्यांत ते राज्यसभेवर नियुक्तही झाले.

यावर सरकारच्या हाती नेमणुका देणे हा उपाय नव्हे. १९७३ आणि १९७७ या दोन सालांनी तो प्रयोग पुरेसा करून दाखविला आहे. १९९३ पासून न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडण्याची न्यायवृंदाची पद्धत आली. २०१५ साली तिच्याऐवजी आणलेला नियुक्ती आयोग चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला, आणि भिन्नमत देणाऱ्या चेलमेश्वरांनी न्यायवृंदाच्या अपारदर्शकतेवर बोट ठेवले. सरकारच्या खिशातील न्यायालय नको आणि न्यायमूर्तींच्या खाजगी मंडळाचे न्यायालयही नको. खटल्यांचे वाटप लेखी, प्रसिद्ध नियमांनी किंवा चिठ्ठ्या टाकून व्हावे. राज्यघटनेचा गाभा ज्यात गुंतला आहे अशी प्रकरणे ठराविक मुदतीत, मोठ्या पीठापुढे आणि सर्वांच्या विचारविनिमयानंतर निकालात निघावीत. निवडीची आणि नकाराची कारणे जनतेपुढे यावीत. निवृत्तीनंतर सरकारी पदांचा आणि खासदारकीचा मार्ग निदान काही वर्षे बंद असावा. दलित, आदिवासी, स्त्रिया आणि कष्टकरी घरांतील वकील त्या आसनापर्यंत पोचावेत. यांपैकी एकाही मागणीने न्यायालयाचे स्वातंत्र्य कमी होत नाही. कमी होतो तो लहरीचा वाव.

आणि या मागण्यांच्याही आधी कार्यकर्त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधली पाहिजे. १९७६ सालचा तो निकाल कोणी पुसला? न्यायालयाने तो अधिकृतपणे चुकीचा ठरविला २०१७ साली, एकेचाळीस वर्षांनी. निकालपत्र लिहिणारे होते त्या बहुमतातल्याच चंद्रचूडांचे चिरंजीव. भगवतींनी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला तो २०११ साली. परंतु १९७७ च्या मार्चमध्ये मतदारांनी त्या राजवटीला घरी पाठविले, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. चार न्यायमूर्तींची चूक दुरुस्त करायला न्यायालयाला चार दशके लागली. जनतेला अकरा महिने पुरले.

चांगला न्यायाधीश मिळाला तर त्याचा लाभ जरूर घ्यावा, वाईट मिळाला तर त्याच्या निकालावर निर्भय टीका करावी. पण चाळीतल्या भाडेकरूने आणि कंत्राटी कामगाराने आपले भवितव्य कोणा सातव्या न्यायमूर्तीच्या सद्बुद्धीवर सोपवून स्वस्थ बसू नये. न्यायालयात मते सात असोत वा सहा. संघटित जनतेचे मत त्या मोजणीत धरले जात नाही, तोवर ते रस्त्यावर आणि मतपेटीत मोजून घ्यावे लागेल.